आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: जुनी एमआर२ टर्बो पुन्हा पुन्हा गरम का होते?

जुनी एमआर२ टर्बो, म्हणजे टोयोटाची टर्बो इंजिनाची दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेणाऱ्याची तक्रार साधारण अशी असते. गाडी आणली, काही आठवडे झकास चालली, मग एका लांब चढावर तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर द्रवाची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरले, काही दिवस शांतता. पुन्हा काटा वर. मग नवा रेडिएटर. पुन्हा काही दिवस शांतता. त्यानंतर वॉटर पंप, मग पंख्याचा रिले, आणि शेवटी कोणीतरी ‘हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील) गेलं असणार’ म्हणत इंजिन उतरवायची भाषा सुरू करतो.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट निसटते. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी कूलंट काढले आणि पुन्हा भरले. म्हणजे प्रत्येक वेळी सिस्टिममध्ये हवा शिरली, आणि ती पूर्ण बाहेर निघाली की नाही हे कोणी बघितले नाही. या गाडीत पार्ट बदलायच्या आधी हवेचा हिशेब लावावा लागतो. भरताना आत राहिली का, आणि राहिली नसेल तर नव्याने कुठून येते? हे दोन प्रश्न सुटेपर्यंत बाकीचा खर्च थांबवा.

रचनाच तशी

एमआर२ टर्बो म्हटले की ती दुसऱ्या पिढीची, एसडब्ल्यू२०. १९८४ साली आलेल्या पहिल्या पिढीत साधे आणि सुपरचार्जरचे इंजिन होते, तिसऱ्या पिढीत टोयोटाने टर्बो दिलाच नाही. एसडब्ल्यू२० जपानमध्ये १९८९ च्या अखेरीस आली आणि १९९९ पर्यंत बनत राहिली. इंजिन ३एस-जीटीई: १९९८ सीसी, बीडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचे हेड, सोळा व्हॉल्व्ह. जपानी गाड्यांत सुरुवातीला २२५ पीएस, १९९३ च्या अखेरीस आलेल्या सुधारित इंजिनात २४५ पीएस. अमेरिकेतल्या गाडीला २०० हॉर्सपॉवर.

हे इंजिन सीटच्या मागे आडवे बसवलेले आहे आणि रेडिएटर मात्र गाडीच्या नाकात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोघांना जोडतात गाडीच्या पोटाखालून, मधल्या बोगद्याच्या कडेने जाणारे लांब लोखंडी पाइप. त्याच बोगद्यात पेट्रोलची टाकीही आहे. केबिनच्या हीटरसाठी आणखी पाइप पुढे जातात. त्यामुळे एवढ्याशा गाडीत तेरा-चौदा लिटरच्या आसपास कूलंट मावते.

आता हवेचा स्वभाव बघा. ती वर जाते. साध्या पुढच्या इंजिनाच्या गाडीत रेडिएटरचे झाकण जवळ आणि उंच असते, इंजिन थोडा वेळ चालवले की बुडबुडे आपोआप वर येऊन निघून जातात. इथे भरायचे तोंड मागे इंजिनापाशी आहे. पाइप आधी जमिनीलगत खाली उतरतात आणि पुढे जाऊन रेडिएटर व हीटर कोअरमध्ये (केबिनचा वारा गरम करणारा छोटा रेडिएटर) पुन्हा वर चढतात. तिथे वरच्या कोपऱ्यात अडकलेल्या हवेला मागे येऊन तोंडातून बाहेर पडायचे, तर आधी खाली उतरावे लागेल. ती कशाला उतरेल? म्हणून टोयोटाने पुढच्या बाजूला हवा काढायचे वेगळे स्क्रू दिले आहेत, एक रेडिएटरवर आणि एक हीटरच्या मार्गावर. ज्याला हे माहीत नाही त्या मेकॅनिकने मागून कूलंट ओतून ‘भरली’ असे सांगितले तर रेडिएटरचा वरचा भाग कोरडाच असू शकतो.

आधी लक्षणे नीट वाचा

काटा वर जातो एवढ्याने काही कळत नाही. कधी जातो ते सांगा.

सिग्नलला उभे असताना वर जातो आणि वेग घेतला की खाली येतो: पुढचे पंखे, त्यांची वायरिंग, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साचलेली पाने-माती. उलट गर्दीत ठीक आणि हायवेवर वर जातो, तर रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा किंवा वॉटर पंपाची पाती झिजलेली. या दुसऱ्या गटात एक साधे कारण नेहमी विसरले जाते. नाकाखालचे प्लास्टिकचे ट्रे आणि रेडिएटरभोवतीचे आडोसे आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत काढून टाकलेले असतात, आणि वेगात येणारी हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते. क्लिप तुटल्या म्हणून फेकून दिलेला ट्रे पुन्हा मिळवणे हे नव्या रेडिएटरपेक्षा कितीतरी स्वस्त काम.

आणि काटा वर-खाली झुलतो, हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही कधी गरम कधी थंड वारा येतो, डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो, तर ती हवा. इंजिन तापलेले आणि हीटर गार असे दिसले तर गाडी तिथेच बाजूला घ्या. हीटर कोअरपर्यंत कूलंट पोहोचतच नाही, याचा तो पुरावा.

काट्यावर आंधळा विश्वास नको हेही इथेच सांगतो. त्याचा सेन्सर द्रवात बुडलेला असेल तरच तो खरे बोलतो. कूलंट एवढे कमी झाले की सेन्सरभोवती नुसती वाफ किंवा हवा आहे, तर काटा वर जायच्या ऐवजी खाली पडू शकतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला म्हणून ‘सुटलो’ म्हणत पुढे नेणाऱ्यांची हेड वाकतात. हल्लीचा साधा ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) लावून थेट तापमान बघू म्हणाल तर यातल्या बहुतेक गाड्या त्याच्या आधीच्या काळातल्या, त्यांत तो काही दाखवणार नाही. वेगळा तापमानाचा मीटर बसवणे हा टर्बो एमआर२ वरचा सगळ्यात शहाणपणाचा बदल आहे. बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेच्या दाबाचा, मीटर त्यानंतर.

हवा काढायची रीत

इंजिन पूर्ण थंड हवे. गरम असताना झाकण उघडले तर उकळते कूलंट अंगावर येते. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि हीटर सर्वात गरमवर ठेवा. पुढचे बोनेट उघडून स्पेअर व्हील बाहेर काढलेत तर हात मोकळा होतो.

रेडिएटरचा आणि हीटरचा असे दोन्ही हवा काढायचे स्क्रू शोधा. त्यांच्या नळीच्या टोकावर पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या घट्ट बसवा आणि नळ्यांची वरची टोके बोनेटला उंच बांधा. ही उंची महत्त्वाची. मागच्या भरायच्या तोंडाइतकी किंवा त्याहून वर टोके असतील तरच दोन्हीकडची पातळी एकमेकींशी जुळवता येते. मग स्क्रू थोडे सैल करा. तीसेक वर्षांचे प्लास्टिक आहे, पक्कड लावून पिरगाळू नका. अडला तर आजूबाजूला गरम पाण्याचे फडके धरून थोडा वेळ द्या.

आता मागच्या तोंडातून कूलंट हळू ओता. घाईने ओतलेले कूलंट स्वतःच बुडबुडे घेऊन खाली जाते. ओतता ओतता पुढच्या नळ्यांत आधी फेस, मग बुडबुडे आणि शेवटी सलग रंगीत द्रव दिसायला लागतो. मागे मोठे नरसाळे घट्ट बसवून त्यात थोडे कूलंट उभे ठेवलेत तर पातळी आपोआप वर राहते. मधूनमधून जाड होस हाताने दाबत राहा, अडकलेला बुडबुडा हलतो. नळ्यांतली पातळी आणि मागची पातळी सारखी झाली आणि बुडबुडा येणे थांबले की स्क्रू बंद करा, झाकण लावा, राखीव बाटली खुणेपर्यंत भरा.

इंजिन चालू करून पंखे एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. ३एस-जीटीईचा थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सियसच्या आसपास उघडतो. तो उघडेपर्यंत पुढच्या रेडिएटरला गरम कूलंट मिळतच नाही, त्यामुळे दोन मिनिटे चालवून ‘झाले’ म्हणणे म्हणजे अर्धेच काम. पुढच्या पाइपला हात लावून बघा, गरम व्हायला हवा. मग इंजिन बंद करून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर, आणि सकाळी सगळे पुन्हा उघडून पातळी बघा. दुसऱ्या दिवशी थोडी हवा निघाली तर घाबरू नका. तिसऱ्यांदाही तेवढीच निघाली तर मात्र ती जुनी हवा नाही, नवी आहे.

सगळ्यात उपयोगी आकडा फुकट मिळतो आणि तरी कोणी टिपून ठेवत नाही: किती कूलंट निघाले आणि किती आत गेले. निघालेले बादलीत मोजा. दहा लिटर काढले आणि सातच परत गेले तर तीन लिटर हवा आत बसली आहे, यात वादच नाही. पूर्ण क्षमतेशी तुलना करत बसू नका, कारण ब्लॉकचा ड्रेन उघडला नसेल तर बरेचसे आतच राहते. काढले तेवढे गेले पाहिजे, एवढेच.

काही गॅरेजात व्हॅक्युमने भरायचे साधन असते. कॉम्प्रेसरच्या जोरावर आधी सिस्टिममधली हवा ओढून घेतात आणि मग त्याच ओढीने कूलंट आत शिरते. या गाडीसाठी ते वरदानच. शिवाय ओढून ठेवलेला व्हॅक्युम टिकतो की उतरतो यावरून गळतीही कळते. असे साधन असलेले गॅरेज जवळ असेल तर वरचा सगळा नळ्यांचा खेळ टाळून सरळ तिथे जा, मी तेच सुचवीन.

कूलंट कोणते यावर भांडणे होतात. जपानी इंजिनांना सिलिकेट नसलेले, फॉस्फेटचे इथिलीन ग्लायकोल कूलंट चालते, टोयोटाचे लाल तशाच जातीचे. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर. दोन जातींची सरमिसळ करू नका आणि आत काय आहे माहीत नसेल तर आधी धुऊन काढा. चव गोडसर आणि विष जबर, म्हणून सांडलेले उघड्यावर ठेवू नका, कुत्री-मांजरे चाटतात.

पुन्हा हवा आली तर ती येते कुठून?

इथे खरा शोध सुरू होतो, आणि तो सगळ्यात स्वस्त पार्टापासून करायचा.

झाकण. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. गरम झाल्यावर दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की एक उघडतो आणि जास्तीचे कूलंट राखीव बाटलीत जाते. इंजिन थंड होताना आत कमी दाब तयार होतो, तेव्हा दुसरा उघडून तेच कूलंट बाटलीतून परत ओढतो. हा दुसरा व्हॉल्व्ह अडकला, झाकणाचे रबर कडक झाले, किंवा झाकणापासून बाटलीपर्यंतच्या बारक्या नळीला भेग पडली, तर थंड होताना सिस्टिम कूलंटऐवजी हवा ओढते. कुठे एक थेंब सांडत नाही, बाटलीतली पातळी ठीक दिसते, आणि रोज गाडी वापरली की रोज थोडी हवा आत जाते. ‘दर महिन्याला हवा काढतो, तरी परत येते’ या तक्रारीचे मूळ मी सगळ्यात आधी इथे शोधतो. बाटलीतली नळी तळापर्यंत बुडलेली आहे का, हेही बघा. निसटून वर आली असेल तर ती कूलंट ओढणार कुठून?

ओळखायची खूण सोपी. थंड गाडीची बाटलीतली पातळी लिहून ठेवा, नीट गरम होईपर्यंत चालवा, पातळी वर गेलेली दिसेल. रात्रभर थंड झाल्यावर ती पहिल्या खुणेवर परत यायला हवी. वर गेली आणि परतलीच नाही, तर झाकण किंवा नळी. वर जातच नाही, तर दाब दुसरीकडून निसटतोय.

तो कुठून निसटतोय ते शोधायला दाबाचा हातपंप लागतो. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी लावून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्या आणि काटा उतरतो का ते बघा. उतरला तर टॉर्च घेऊन गाडीखाली जा.

पहिली जागा पोटाखालचे लोखंडी पाइप. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या थंड प्रदेशांत ही गाडी राहिली असेल तर होसची पट्टी जिथे बसते तिथे पाइप गंजून खवले धरतो. पट्टी आवळली की घट्ट वाटते, पण खवल्यांतून पाझर चालूच राहतो. वरचे आवरण काढल्याशिवाय हे दिसत नाही, आणि गाडी विकणारा ते काढून दाखवत नाही. नवे पाइप बनवून मिळतात, जुन्याला एपॉक्सी फासणे हा फक्त गाडी घरी नेण्यापुरता उपाय.

दुसरी जागा इंजिन आणि केबिनची भिंत यांच्या मधली फट. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा) त्या बाजूला आहे, आणि त्याच्या खाली बऱ्याच लहान होस आहेत. थ्रॉटल बॉडी, ऑइल कूलर, पाण्याने थंड होणारा टर्बो, सगळ्यांना बारकी बारकी शाखा. त्यातल्या एका होसला इंग्रजीत मालक सरळ नरकातली होस म्हणतात, कारण तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही, पान्याची तर गोष्टच सोडा. तीस वर्षे इंजिनाच्या उष्णतेत शिजलेले रबर असते ते. एक फुटली म्हणून फक्त तीच बदलून बाहेर येऊ नका. मॅनिफोल्ड उघडले असेल किंवा इंजिन कुठल्याही कारणाने खाली उतरले असेल तर दिसतील तेवढ्या सगळ्या कूलंट होस बदला. होसची किंमत तुमच्या मजुरीपुढे काहीच नाही.

तिसरी जागा वॉटर पंप. तो टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणून बाहेरून दिसत नाही. खाली बेल्टच्या कव्हरच्या कडेला वाळलेल्या कूलंटची रंगीत रेघ दिसली तर पंपाचे सील गेले. बेल्टची बदली सुमारे १,००,००० किलोमीटरला ठरलेली असते. जुन्या गाडीत बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेलाच नाही असे समजा, आणि बेल्टबरोबर पंपही बदला.

चौथी जागा केबिनमध्ये. हीटर कोअर गळत असेल तर पायाखालचा गालिचा ओला होतो. पण टी-बार छपराच्या (काढता येणाऱ्या दोन काचांच्या) एमआर२ मध्ये पावसाचे पाणी आत येणे हाही जुना आजार. बोटाला लावून बघा: पाणी असेल तर पाणीच, कूलंट असेल तर चिकट, आणि काच आतून तेलकट धुरकट होते.

थर्मोस्टॅट नवा बसवताना त्याच्यावरची छोटी हलती पिन, जिगल व्हॉल्व्ह, वरच्या बाजूला आली पाहिजे. भरताना हवा तिच्यातून पलीकडे जाते. खाली बसवली तर थर्मोस्टॅटच्या मागे बुडबुडा अडकून राहतो आणि नवा पार्टच खराब असल्यासारखे वाटते.

पंखे

एसी चालू केला की पुढचे पंखे फिरायला हवेत. फिरत नसतील तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा. एसीवर फिरतात पण इंजिन तापल्यावर फिरत नाहीत, तर तापमानाच्या बाजूचा सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर. हाही हवेच्या बुडबुड्यात अडकलेला असू शकतो, म्हणून हवा काढायच्या आधी सेन्सर बदलू नका. टर्बो गाडीत इंजिनाच्या खोलीतही एक वेगळा पंखा असतो. गाडी बंद केल्यावर तो काही वेळ चालला तर तो बिघाड नाही. तो कधीच चालत नसेल तर कूलंटपेक्षा आजूबाजूच्या वायरी, रबर आणि टर्बो यांचे आयुष्य कमी होते.

हेड गॅस्केटचे नाव कधी घ्यायचे

वरचे सगळे नीट तपासून झाल्यावर. पण एकदा संशय आला की मग टाळाटाळही नको, कारण अ‍ॅल्युमिनियमचे हेड जितके जास्त वेळा तापेल तितके वाकते.

रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीच्या जाड होसला सकाळी हात लावा. इंजिन चालू न करताच ती टणक, फुगलेली लागली तर आत जळालेला वायू साठतोय, कारण थंड कूलंट स्वतःहून दाब देत नाही. राखीव बाटली जोरात चालवल्यावर काठोकाठ भरते, बाहेर ओसंडते आणि आत परत जात नाही, हेही त्याच दिशेने बोट दाखवते. खात्री करायला निळ्या द्रवाची चाचणी असते: झाकणाच्या जागी नळी लावून वरची हवा त्या द्रवातून ओढतात, जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो.

टर्बो इंजिनात या चाचणीला एक खोट आहे. गॅस्केटची लहानशी गळती अनेकदा फक्त बूस्टखाली, सिलिंडरमध्ये दाब खूप वाढल्यावरच उघडते. जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनावर द्रव निळाच राहतो आणि मेकॅनिक ‘गॅस्केट चांगलं आहे’ सांगून मोकळा होतो. म्हणून आधी गाडी जोर देऊन चालवा आणि लगेच येऊन चाचणी करा. बूस्ट वाढवलेली गाडी असेल तर आधी कारखान्याच्या बूस्टवर परत आणा. वाढवलेल्या बूस्टवर कूलिंगची तक्रार शोधणे म्हणजे दोन बिघाड एकदम शोधणे, आणि मग कशाचा परिणाम कशावर ते कळत नाही.

हेड उतरवावेच लागले तर त्याचा पृष्ठभाग सपाट आहे का ते मोजून घ्या. न मोजता नुसते नवे गॅस्केट टाकून बसवलेले हेड हा तोच आजार पुन्हा विकत घेण्याचा प्रकार आहे.

अजून गाडी घ्यायची असेल तर

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड पाहिजे. तुम्ही पोहोचलात आणि इंजिन गरम असेल तर थोडा वेळ गप्पा मारून परत या आणि दुसरी वेळ मागा. थंड इंजिनावर मागचे झाकण उघडा: कूलंट काठापर्यंत आहे का, स्वच्छ आहे का, की तपकिरी गढूळ? तेलाची साय दिसली तर तिथूनच निरोप घ्या. होस दाबून बघा. पुढे जाऊन हवा काढायचे स्क्रू शाबूत आहेत का ते बघा. ते तुटलेले आणि सिलिकॉनने बुजवलेले असतील तर आधीच्या मालकाने हवा काढणे सोडून दिले होते, मग बाकीचे ऐकायची गरज नाही.

नंतर चालवा, चढावर बूस्ट घेऊन, आणि परत आल्यावर लगेच बंद न करता जागेवर चालू ठेवा. एसी चालू, हीटर नंतर पूर्ण गरम. पंखे येतात का, काटा एका जागी टिकतो का, हीटरचा वारा गरमच राहतो का? जेवढा वेळ विकणाऱ्याचा संयम टिकतो, त्याहून थोडा जास्त वेळ उभे राहा. मग गाडीखाली.

गाडी मूळची टर्बो आहे का हेही विचारा, कारण कूलिंगच्या तक्रारी इंजिन बदललेल्या गाड्यांत जास्त गुंतागुंतीच्या होतात. टर्बो जपानमध्ये आणि १९९१ ते १९९५ च्या मॉडेलपर्यंत अमेरिकेत विकली गेली. युरोपात टोयोटाने ती अधिकृतपणे विकली नाही, म्हणून तिथल्या टर्बो गाड्या बहुधा जपानहून आणलेल्या, किंवा साध्या गाडीत नंतर ३एस-जीटीई टाकलेल्या. अमेरिकन गाडीत चॅसिस क्रमांक खरे सांगतो: साध्या इंजिनाची एसडब्ल्यू२१, टर्बोची एसडब्ल्यू२२. इंजिन नंतर टाकलेले असेल तर होसची वाट, पंख्यांची वायरिंग, सेन्सर, सगळे कोणी आणि कसे जोडले ते पाहावे लागते. चांगल्या हाताने केलेले काम असेल तर हरकत नाही, पण मग कारखान्याच्या पुस्तकातला आराखडा तुमच्या गाडीला लागू पडेलच असे धरून चालू नका.

किंमत ठरवताना पाइप, होस, टायमिंग बेल्ट, पंप, थर्मोस्टॅट, झाकण आणि ताजे कूलंट हे सगळे पहिल्याच महिन्यात करायचे आहे असे धरून तेवढे पैसे बाजूला काढा. विकणारा त्यातले काही झाले आहे म्हणाला तर बिल मागा. बिल नसेल तर ती रक्कम किंमतीतून वजा, आणि यावर घासाघीस करताना ओशाळू नका.

काटा रस्त्यात वर गेलाच तर बूस्ट सोडा, एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा दोन्ही पूर्ण, आणि पहिली सुरक्षित जागा दिसताच थांबा. खाली कूलंट वाहत नसेल तर काटा उतरतो का हे पाहण्यापुरते इंजिन मंद चालू ठेवता येते. वाहत असेल किंवा हीटर गार पडला असेल तर ताबडतोब बंद, आणि तिथून पुढे टो ट्रक.